पाऊणकी

केबलवाल्या दाजीने बारा मिनिटं दिली,
गुरुवारी संध्याकाळी साडेसातला,
हरवलेल्या म्हशीची जाहिरात आणि आरती यांच्या मधली.
"गाववाल्यांका कायतरी शिकवा गुरुजी.
पैशे काय गावचे नाय."

चार रात्री बसून मी संहिता लिहिली.
पहिलं वाक्य: प्रिय दर्शकहो.
दुसऱ्यातच गुरुत्वाकर्षण.

शुद्ध दुजेच्या सकाळी, तारामुंबरीच्या खडपांवर
अस्लम सोलकरने लग्नांचा कॅमेरा तिकाटण्यावर चढवला.
माइकमध्ये वारा शिरू नये
म्हणून त्यावर माझा एक मोजा.
समोर जयवंती कोयंडे.
एका हातात कालवं फोडायची कोयती,
दुसऱ्यात माझा कागद,
जो तिला वाचता येत नव्हता,
आणि सातव्या टेकपर्यंत
हे मला कुणी सांगितलं नाही, तिनेही.

मग मी वाचायचो, ती म्हणायची.
"चंद्राच्या गुरुत्वा..." इथे तिचा पाय सटकायचा,
जणू त्या शब्दावर शेवाळ.

अकराव्या टेकला अस्लमच्या चपला तरंगायला लागल्या.
तिकाटण्याचा एक पाय गेलाच वाळूत, कॅमेरा मी झेलला.
"उद्या याच वेळेला," मी म्हणालो.
"ह्याच वेळार?" ती हसली, त्या सकाळी पहिल्यांदा.
"उद्या तीज. सुकती सव्वाआठाक."

कुठे लिहिलंय?
लिहिलेलं खय नाय. तिथीच्या पाऊणपट भरती,
थयसून सहा तासांनी सुकती.
"बापाशीन शिकवल्यान, होडयेत."
आणि पाणी चढत असताना, शेवटची चार कालवं टिपत
ती पुटपुटत गेली:
पाऊण, दीड, सव्वादोन, तीन,
पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा...
प्रत्येक आकड्याला कोयतीचा एक ठोका.

मी डीएड केलं तोवर
पाऊणकी पुस्तकांतून गेली होती.
कुठे गेली ते मी कधी विचारलं नव्हतं.

समुद्राने रीटेक दिला, पाऊण तास उशिरा.
कागद मी घरीच ठेवला.
खरं सांगायचं तर कॅमेरा लागल्यावर ती पुन्हा ताठली,
सातेला अडली, "थांब हां" म्हणाली,
बोटांच्या पेरांवर मोजून पुढे गेली.
अस्लम म्हणाला कापूया.
आम्ही ते ठेवलं.

पंधरा दिवस त्याच्या स्टुडिओत जोडकाम.
त्याच्या संगणकाला लग्नंच ठाऊक,
त्यामुळे एका जागी, कितीही पुसलं तरी,
कालवाचं शिंपलं उघडतं
ते बदामाच्या आकारातून.

गुरुवार आला.
साडेसातला वाडीभर एकच आवाज, घराघरातून जयवंतीचा.
खालची पट्टी नेमकी तिच्या हातांवरून धावत होती:
मासिक वर्गणी दहा तारखेच्या आत भरावी.
बंदरावरच्या दुकानातून कुणीतरी फोन करून विचारलं,
अमावास्येचं काय, शून्याची पाऊणपट किती?
मी म्हटलं, बारा वाजता धरा. आणि मनात म्हटलं,
हे राहिलंच सांगायचं.

मग पाव किलो पेढे घेऊन तिच्याकडे गेलो.
टीव्ही बंद. चुलीवर भात.
धाकटा परेश ओसरीत पेन्सिलीला टोक काढत बसलेला,
माझ्याच वर्गातला, भागाकारात कच्चा.
"आये खडपार गेली."
"आज? आत्ता? अरे, कार्यक्रम..."

त्याने माझ्याकडे पाहिलं,
फळ्यावरचं उदाहरण चुकल्यावर
मी त्याच्याकडे पाहतो तसं.
"गुरुजी, आज दुज मां?
वद्य दुज."

खाली, काळोखात,
सहा-सात बॅटऱ्या खडपांवर वाकलेल्या होत्या.
त्यांतली तिची कुठली, मला ओळखता आली नाही.