बोटभर

गोल झाला, आणि अजून झालाही नाही.
रेफ्री कानाला हात लावून उभा,
पाल चुकचुकली का ऐकावं तसा.

पायसांदूतल्या बारमध्ये सगळ्यांचे घास हातातच.
पडद्यावर आधी निळी रेघ, मग लाल.
खांदा थांबवलाय, बूट थांबवलाय,
चेंडू अधांतरी.

एलेउतेरियो बेंतांकुर मातेची नळी चोखतो.
सत्त्याऐंशी साली तो लाइनमन होता,
नदीकडच्या बाजूला, तिरप्या उन्हात.
त्यानं झेंडा वर केला. एवढंच.
ना कॅमेरा, ना रेघ.
त्या रात्री त्याच्या सायकलची
दोन्ही चाकं कुणीतरी फाडली,
आणि बायको म्हणाली, झेंडा तरी नीट धुऊन ठेव.

ज्याचा गोल गेला तो नेल्सन पिंतोस
समोरच्याच टेबलावर, दाढेखाली ऑलिव्हची बी.
इतकी वर्षं दोघं
"कसं काय" म्हणतात
आणि लगेच नदीच्या पाण्यावर येतात:
चढलं, उतरलं.

चौथ्या मिनिटाला निकाल. गोल नाही.
बूट बोटभर पुढे.
बार शिव्या घालतो, एक खुर्ची आडवी होते.
नेल्सन मात्र अंगठा आणि तर्जनीत
जरासं अंतर धरून डोळ्यांसमोर नेतो,
वाढवतो, कमी करतो.

"माझं किती होतं रे?"

एलेउतेरियो नळी बाजूला करतो.
"तू दिसलाच नाहीस उन्हात.
तुझी सावली दिसली.
ती पुढे होती."