मापात पाप

कोफोरिदुआला गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो.
तिथून माकूने आणि मी
अडीच किलो मणी हॉस्टेलवर वाहून आणले
तेव्हा धंद्याला नाव नव्हतं,
नुसता राग होता.

राग असा, की ब्रेसलेटवर लिहिलेलं असतं फ्री साइज,
आणि ते माकूच्या अंगठ्याच्या मुळाशी अडतं.
साबण लाव, जाईल, विकणारी म्हणाली.
गेलं. मग निघेना. पुन्हा साबण.
माझ्या हातात तेच थेट कोपरापर्यंत जातं.
फ्री म्हणजे नक्की कोण,
तीन वर्षं आम्हाला भेटलं नाही.

माकूचा मामा ओडुमासेला मणी भाजतो.
बिअरच्या बाटल्या कुटून पूड,
पूड मातीच्या साच्यात,
प्रत्येक खळग्यात मधोमध
कसाव्याच्या पानाचा एक देठ उभा.
भट्टीत देठ जळून जातो.
तो होता तिथे भोक राहतं, त्यातून दोरा.
माकूने हे वर्गात सांगितलं.
सर म्हणाले, ते ठीक, पण ग्राहक कोण?

इथे तान्ह्या बाळाच्या कंबरेला मणी बांधतात.
बाळ भरलं की माळ आवळते,
आई दोरा बदलते.
बाळाला कुणी ओरडत नाही.
हे कितव्या वर्षी थांबतं, सर?

टेप नको, माकू म्हणाली,
आकडा दिसला की मुली श्वास आत ओढतात.
म्हणून सुतळी. कंबरेभोवती फिरवायची,
कापायची, चिठ्ठी लावायची.
खिळ्याला अठ्ठावन्न सुतळ्या झाल्या.
पंखा लागला की गुंतायच्या.

मग दर.
लांब माळेला मणी जास्त, तर पैसे जास्त?
मापात पाप नको म्हणतात,
पण पाप तराजूच्या कुठल्या पारड्यात बसतं
ते कुणी सांगत नाही.
रात्रभर भांडलो. शेवटी एकच दर.
माझ्यासारख्या काटकुळ्या
दोन सेडी जास्त मोजतील, मोजू देत.

पोस्टर मी केलं. काळ्यावर पिवळं: लपवू नकोस.
झिफाने ते उभं राहून वाचलं
आणि माप न देता गेली.

रात्री साडेअकराला आली, दिवे गेलेले होते.
म्हणाली, मला हवीय. पण कपड्यांच्या आत.
फोटो नाही. तुलासुद्धा दाखवणार नाही.
चालताना माझी मला लागली पाहिजे, बस.
पाठ फिरवून तिचं माप तिनेच घेतलं.
सुतळी हातात आली तेव्हा कोमट होती.

पोस्टर लगेच काही उतरवलं नाही,
छपाईचे चाळीस सेडी गेले होते.
माकू दोन दिवस बोलली नाही.
म्हणे, सगळ्याच लपल्या तर दुकान कशाचं मांडलंय?
तिचंही खरं होतं.
तिसऱ्या दिवशी तिनेच ते उलटं केलं
आणि कोऱ्या पाठीवर मण्यांचे रंग लिहिले.

प्रोजेक्टच्या दिवशी सरांनी विचारलं,
सरासरी कंबर किती?
माकूने सगळ्या सुतळ्या टोकाला टोक बांधल्या
आणि वर्गाच्या दारापासून सोडत गेली,
जिना, नळ, झेरॉक्सवाल्याचं टेबल ओलांडून
कॅन्टीनच्या पायरीपर्यंत.
तिथून ओरडली, एवढी, सर!
सरांनी आम्हाला बी दिला.

जूनमध्ये झिफा पुन्हा आली.
माळ रुतत होती.
परीक्षा, म्हणाली, आणि केलेवेले.
नऊ मणी वाढवावे लागले.
तिचा निळा संपला होता, नवा जरा हिरवट निघाला.
चालेल?
चालेल की, कोण बघतंय.

वहीत लिहिलंय: नऊ मणी, हिरवट.
पैसे घेतले नाहीत.
सरांना सांगू नका.