मोजदाद

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात
समोरच्या निलगिरीवर काटक्या येऊ लागल्या.
मला वाटलं, कावळा असेल.
मग गच्चीवरून तौसीफ ओरडला,
"थेटेबाई, शिक्रा! दोघं आहेत!"

नर लहानखुरा, डोळे लालबुंद,
पाठ आमच्या प्रेसच्या गेटसारखी राखी.
मादी त्याच्याहून थोराड;
ती बसली की फांदी क्षणभर विचार करायची.
त्यानं ठेवलेली काटकी
ती उचलायची, वीतभर सरकवायची,
तो बघत राहायचा.

नाशिकरोडचं ते दुपारचं ऊन,
सिन्नर फाट्याकडून येणारा वाराही
भिंतीच्या कडेकडेनं चालतो.
ती अंड्यांवर. चोच उघडी, पंख सैल.

मी एकतीस वर्षं नोटांचे नंबर तपासले.
डोळा पुढे, बोट मागे.
एक कागद कमी भरला
तर गेट उघडत नसे.
अख्खी पाळी थांबायची,
डबे रिकामे, बाहेर बस उभ्या,
कुणाच्या पोराला ताप, कुणाकडे पाहुणे,
सापडेपर्यंत कुणी कुठं जायचं नाही.
रिटायर झाले तरी सवय गेली नाही:
कुकरच्या शिट्ट्या, दोरीवरचे चिमटे,
जिन्याच्या पायऱ्या एकोणीस,
त्यातली एक तुटकी.

एप्रिल संपता संपता मोजलं:
कापसाचे गोळे, तीन.

नर घरट्यापाशी यायचा नाही.
लांब, पाण्याच्या टाकीच्या पाइपवरून
की-की, की-की.
ती उठून जायची, पायातलं पायात घ्यायची,
वाद नाही, बोलणं नाही.
बहुतेकदा सरडा.
एकदा खारीचं पिल्लू.
एकदा चिमणी,
माझ्याच गॅलरीतली, माझ्याच बाजरीच्या वाटीवरची.

त्या दिवशी मी वाटी आत घेतली.
संध्याकाळी परत बाहेर ठेवली.
का, ते विचारू नका.

भरवताना ती इतका बारीक तुकडा काढायची,
उष्टावणाचा मऊ भात
चिमटीत आणखी चुरडावा तसा.
जिनं मान मोडली तीच चोच
तिरकी करून, हळू.

अकरा मेच्या रात्री वावटळ आली,
सायकल स्टँडचे पत्रे उडाले.
सकाळी मोजलं: दोन.
परत मोजलं.
चष्मा पदरानं पुसून मोजलं.
खाली तौसीफ उभा, हातात वर्तमानपत्राची पुडी.
उघडून दाखवली नाही.
म्हणाला, "बाई, काही वजनच नाही हो याला."
जास्वंदीच्या बुंध्याशी त्यानं
मसाल्याच्या चमच्यानं खड्डा केला.

वर मात्र कुठलंच गेट बंद झालं नाही.
सातला टाकीवरून हाक आली,
ती उठली, सरडा घेऊन आली,
होती तेवढ्या तोंडांत भरवला.
मी खुर्ची ओढून बसले होते,
एकदा तरी कडेला येऊन खाली बघेल म्हणून.
बघितलंही असेल.
मधे एकदा दूध उतू गेलं, मी आत धावले होते.

मेअखेरीस दोघं फांद्यांवर आली,
छातीवर तपकिरी ठिपके, पंख मापाहून मोठे,
दुसऱ्याचा कोट घालून निघालेल्या पोरांसारखी.
एक टाकीपर्यंत उडालं.
दुसरं तीन दिवस फक्त
उडायच्या तयारीत होतं.

आणि परवा,
मी तांदूळ निवडत बसले असताना
त्यातलंच एक
माझ्या गॅलरीच्या कठड्यावर आदळलं.
वाटी उपडी. चिमण्या सगळ्या पसार.
नख्यांत नुसती हवा.
पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं,
चूक माझीच असल्यासारखं.

मग जेलरोडच्या बाजूला निघून गेलं.
मी केरसुणी आणली, बाजरी गोळा केली,
थोडी कुंड्यांच्या मागं गेली.
राहू दिली.