डावा बॅक

स्लायगोहून तो ग्रिम्सबीला आला
पुठ्ठ्याची बॅग आणि बुटांचा एकच जोड घेऊन.
आईने वरची खोली दिली, भाडं आगाऊ.

अकरा हंगाम. गोल एक,
तोही आपल्याच जाळ्यात, धुक्यात.
पेपरात नाव आलं ते तेवढ्यापुरतं,
तेही लॉरकनचा लॉरेन्स करून.
तो म्हणायचा,
न झालेल्या गोलांचा हिशेब
कोण ठेवतो, विनी?

पावसात चामड्याचा चेंडू
भिजल्या पोत्यासारखा जड व्हायचा.
हा कपाळावरच घ्यायचा.
वादीचा वळ भुवईवर उमटायचा,
रात्री मी त्यावर व्हिनेगरची पट्टी ठेवायचे.
लग्न त्या पट्टीनेच जमवलं म्हणा.

मग एका मे महिन्यात
क्लबचं दोन ओळींचं पत्र.
सोमवारी तो गोदीवर,
कॉड माशांच्या पेट्या उचलायला.
कुरकुर नाही. हंगाम संपला, एवढंच म्हणाला.

आता माझं नाव त्याला सापडत नाही.
डॉक्टर विचारतात, डोक्याला कधी मार?
मी काय सांगू, किती शनिवार?

काल नातवाने परसात चेंडू मारला.
हा खुर्चीतून उठला,
दोन पावलं डावीकडे सरकला,
हाताने मला, ह्या कोणा बाईला,
मागे सारलं
आणि वाट अडवून उभा राहिला.