हो, नाही, माहीत नाही

जेरोम लेफोर म्हणाला, पेन्सिलने नको, पेनने भरा.
चार पानं. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकटी:
हो, नाही, माहीत नाही.
हा जेरोम म्हणजे फ्लोरीनचा धाकटा,
लहानपणी आमच्या कोंबड्यांना घाबरायचा.
आता त्याच्या गाडीच्या दारावर त्याचाच हसरा फोटो आहे
आणि माझ्या घराची किंमत
त्याला माझ्याआधी कळलेली आहे.

छपराचं कधी नुकसान झालं होतं का?
कुठल्या छपराचं, मी विचारलं.
शेटिकँपमध्ये वारा डोंगरावरून समुद्राकडे उतरतो,
आग्नेयेचा, आम्ही त्याला स्युएत म्हणतो.
ब्याऐंशी साली तो अर्धं छप्पर घेऊन गेला,
ओनेझिमने त्यातलं निम्मं प्लासिडच्या बोटीवरून उचलून आणलं.
चौऱ्याण्णवला पुन्हा. मग त्याने खिळे सोडून स्क्रू मारले.
'हो'वर खूण करा, जेरोम म्हणाला, तपशील नको.
तपशील नको कसा?
छप्पर म्हणजे दुसरं काय असतं?

तळघरात पाणी येतं का?
एप्रिलमध्ये. बर्फ वितळताना. बोटभर,
भट्टीच्या डाव्या कोपऱ्यात, चार दिवस.
जेरोमने माझ्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय,
पण एप्रिलमध्ये ती आपोआप उघडते,
आणि तेव्हा त्या कोपऱ्यात
दुसरंच कुणी अनवाणी उभं असेल.
मी चौकटीबाहेर लिहिलं: बोटभर.

तेलाची टाकी दोन हजार अकराची, पावती आहे.
विहिरीचं पाणी तपासून घेऊ.
मागच्या खोलीला परवानगी होती का?
होती. मी दिली होती.
ओनेझिमने आणखी कुणाला विचारलं नाही.
जेरोम हसला नाही.

मग तेरावा.
तुमच्या जागेवर दुसऱ्या कुणाचा काही हक्क आहे का?
मी म्हटलं, खिडकीतून बघ.
देल्फीन शियासनच्या चादरी.
दोरी तिच्या स्वयंपाकघराच्या दारापासून निघते
आणि माझ्या हद्दीत अकरा फूट आत येऊन खांबाला पोचते.
तिच्या बाजूला नुसता खडक, खांब रोवायचा कुठे?
कागद नाही. भाडं नाही. बोलणंसुद्धा नाही,
ओनेझिमने एका शनिवारी खड्डा खणला, बस.
त्याच्या शेवटच्या महिन्यात चादरी रोज बदलाव्या लागत,
माझी दोरी पुरत नसे,
तेव्हा निम्म्या तिच्या दोरीवर वाळल्या.

खांब काढा, जेरोम म्हणाला,
नाहीतर वकिलाकडून हक्क नोंदवून घ्या.
नोंदवलात तर गिऱ्हाईक घासाघीस करणार.

घर पाहावं बांधून म्हणतात.
मी म्हणते, विकून पाहावं.
तेव्हा कळतं काय काय
कशाकशाला बांधलेलं होतं.

रविवारी माणसं यायच्या आधी
त्याने फोटो उतरवायला लावले,
ओनेझिमची खुर्ची शेडमध्ये,
ओव्हनमध्ये दालचिनीचं काहीतरी.
घर असं दिसलं पाहिजे म्हणे, की इथे कुणीच राहत नाही
आणि तरी राहावंसं वाटलं पाहिजे.

हॅलिफॅक्सहून जोडपं आलं होतं.
तो नळ सोडून पाण्याचा जोर बघत राहिला.
ती जिन्याखालच्या बटनापाशी थांबली.
हे कशाचं?
तेवढं एक मला खरंच माहीत नाही.
काय ते ओनेझिमला ठाऊक होतं.
तिने ते खाली केलं, वर केलं,
घरात कुठेच काही पेटलं नाही,
आणि ती का कोण जाणे खूश झाली.

मंगळवारी आकडा आला. सहा हजार कमी.
खांब खरेदीखताच्या दुसऱ्या पानावर आहे,
दोरीसकट.

देल्फीनला अजून सांगितलेलं नाही.
आज सकाळी तिने दारातून ओरडून विचारलं,
झेलिया, घालू का बाहेर? वारा कसाय?
मी डोंगराकडे पाहिलं.
घाल म्हटलं.
चिमटे दुप्पट लाव.