जमिनीकडची काच

बीजेची ओहोटी सकाळी सातची,
म्हणून बुधाजी तांडेलानं पाचलाच बोलावलं.
ससून डॉकवर बर्फ फुटत होता,
कोळंबीच्या पाट्या, शिव्या, चहा.
परवानगीचं पत्र प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून मी उभी.
आधी कागद कोरडा, मग माणूस, असं बाबा म्हणत.

शेवटचा तुकडा चालत.
खडपावर शेवाळ, शेवाळाखाली कालवांच्या धारा.
एक बाई कोयतीनं कालवं फोडत होती,
वर न बघताच म्हणाली,
"दमानं ठेव गो पाय, सुरी हाय ती."
तोवर कापला होता.

बत्ती म्हणजे आमच्या घरातली आणखी एक बाई.
महिनाभर बाबा तिच्याकडे, महिनाभर आमच्याकडे.
थोरली खडकावर, मी धाकटी,
असं आई शेजारणींना सांगायची आणि हसायची नाही.

जेवणं झाली की ती मला क्वार्टर्सच्या गच्चीवर न्यायची.
दूर काळ्या पाण्यात एक ठिणगी.
"मोज."
एक दोन तीन चार पाच सहा
"बघ, बाबांनी हात केला. चल, नीज आता."
आकडे मी शाळेत शिकले नाही,
सहापर्यंतचे तर नाहीच.

बाबा रजेवर घरी असत
तेव्हाही ती ठिणगी सहालाच यायची.
ते विडी ओढत बसत, समुद्राकडे पाठ करून.
मग तिथून हात कोण करतंय,
मी विचारलं नाही.
पोरं सगळं विचारतात म्हणे.

आता तिथं बिरंची साहू आहे, बावीस-तेवीसचा, बालासोरचा.
ज्या एका खिडकीत रेंज येते
तिथं उभा राहून बहिणीशी बोलत होता;
मला बघून लाजला, खुर्ची पुसली,
माझ्या पायाला स्वतःचा रुमाल बांधला.
जिना शंखासारखा, भिंत आतून घामेजलेली.
मधल्या वळणावर एक आकडा, कंदील टांगायचा.
हात लावला, तर गंज बोटांना आला.

वर भिंगं, माझ्याहून उंच,
त्यांत मी उलटी, तुकड्यातुकड्यांची.
किती सेकंदांनी फिरतो उजेड?
"दस, मॅडम. शुरू से दस."
दहा.
लहान होते, हळू मोजत असेन.

मग उत्तरेच्या बाजूला गेले, आमची गच्ची शोधायला,
आणि तिकडच्या काचा काळ्या.
आतून रंगवलेल्या, रंगावर रंग, रंगावर रंग,
कित्येक वर्षांचा काळा.
तिकडे उजेड द्यायचा नसतो, तो म्हणाला.
तिकडे जहाजं नसतात.

एका कोपऱ्यात रंग नखभर खरवडलेला.
कुणीही खरवडला असेल.
डोळा लावला:
नौदलाची क्रेन, धुरकट इमारती,
कुठल्या तरी कठड्यावर वाळत घातलेली चादर.

उतरले तोवर पाणी फिरलं होतं,
तांडेल हाका मारून थकलेला.
होडीत विचारलं, सहाची बत्ती कुठली?
"सहाची? ती बत्ती नव्हं, बोया व्हता तो, खडक दावाला.
साकली तुटली नि गेला वाहून,
मी नवा नवा होडीवर जात व्हतो तवा."
माणूस असायचा त्यावर?
"बोयावर मानूस कसा आसंल गो!"
हसला. माझ्याकडे बघितलं आणि
इंजिनाशी काहीतरी खुडबुड करत राहिला.

आईला माहीत असणार.
बत्तीवाल्याची बायको ती.
आणि बाबांनाही तो दिसत असणार रात्रभर,
पलीकडच्या बाजूनं, तोच, सहाचा,
दोघांच्या मधोमध पाण्यावर हेलकावत,
कुणाचाच नसलेला.

ऊन डोक्यावर आलं होतं, कुठे काही पेटलेलं नव्हतं.
तरी मी मोजत होते.
साहूचा रुमाल परत द्यायचा राहिला.
"घरी ग्येल्यावर हलद लाव," तांडेल म्हणाला,
"कालवाचं कापलेलं लवकर भरत नाय."