उजवा कान

बोल्ट किती ताकदीनं आवळायचा
हे शिकवणारा व्हिडिओ होता तो.
बोलणारी बाई इंग्रजीत, अक्षरं हिंदीत,
आणि त्या दोघांच्याही खाली
फरशीखालून पाणी जावं तशी
एक धून.

शेवटी बारीक अक्षरांत नाव. डेन्मार्कचा कुणी.
नावातल्या ‘ओ’वर तिरकी रेघ,
लिहून झाल्यावर चूक कळावी तशी.
मला ते अजूनही उच्चारता येत नाही.
शोधल्यावर त्याच्या चारच धुना सापडल्या,
ऐकणारे एकशे अठरा.
मी एकशे एकोणिसावा, ब्राह्मणवेलच्या पठारावरून.

रात्रपाळीला, जीपमध्ये,
शिवदास चौरे मागच्या सीटवर
बूट उशाशी घेऊन झोपलेला,
मी ती लावायचो.
शब्द नाहीत तिच्यात, माणूसच नाही.
एक सूर टॉवरच्या शिडीनं चढावं तसा चढतो,
दर वीस पायऱ्यांनी दम खातो,
आणि वर पोचायच्या आधीच
खालचा ठोका निघून जातो.
मग सूर तिथेच लोंबकळतो, कमरेच्या पट्ट्याला,
ऐंशी मीटरवर, खाली साक्रीचे दिवे.

त्या लोंबकळण्यासाठी मी ती पुन्हा लावायचो.

बाहेर पाती. हूप. हूप. हूप.
तिसरं जरा जड पडतं, रजिस्टरात लिहिलंय मी तसं.
धुनेचा ठोका कधी पात्याशी जुळे,
चार फेऱ्या सोबत चाले, मग सरके.
चौरे झोपेतच म्हणे,
‘पंखा बंद कर ना भो.’

सात महिने असे.
मग साक्रीत, बसस्टँडमागे,
मुश्ताक पिंजारीच्या टपरीत इअरफोन टाकला,
पिन सैल झाली म्हणून.
त्यानं टोचणी लावली, एक डोळा मिटला.
‘पिन बरी शे. उजवा कान मरेल शे येन्हा.
तुले समजनं नही?’

नाही समजलं.
वाऱ्यानं माझाच कान बसला असेल
असं धरून चाललो होतो.

केसाएवढी तार. राळेचा धूर. एक डाग.
‘लाव आते. तुन्हं जे काय शे ते लाव.’

आणि उजवीकडून आली ती.
दुसरी धून. सगळा वेळ तिथेच होती.
मी ज्याला अधांतरी समजत होतो
त्या सुराला पलीकडून कुणी हात देत होतं,
दर वेळी, नेमकं त्याच पायरीवर,
मी सोडून बाकी सगळ्यांच्या देखत.

मुश्ताकनं उजवी बोंडी काढून आपल्या कानात घातली.
मान हलली नाही त्याची. हात हलला,
हवेत, काही तरी धरून झटकल्यासारखा.
‘आजा असाच वाजवायचा,’ म्हणाला, ‘पिंजणाची तात.
दुलईत कापूस भरायच्या आधी.
आम्ही पोरं श्वास कोंडून बसायचो,
नाकात पिंजलेलं जाऊ नये म्हणून.’
थोडं आणखी ऐकलं.
‘येन्हा आजा बी पिंजारी व्हता का?’

काय सांगणार. समुद्राकाठचा असेल, म्हटलं,
तिकडेही आपल्यासारखेच पंखे आहेत.
वीस रुपये घेतले. नाव मागितलं.
रेघ मारलेला ओ त्याच्या फोनवर मिळेना,
शेवटी शून्य दाबून बघितलं.

त्या रात्री दोन्ही कानांनी ऐकली.
पूर्ण होती. चांगलीच होती.
दुसऱ्यांदाही चांगली होती.
तिसऱ्यांदा मी उजवी बोंडी काढली,
काच खाली केली.
पठारावरचा वारा त्या कानात शिरला,
हूप, हूप, आणि ते जड तिसरं,
आणि डावीकडे सूर चढत चढत आला,
दम खाल्ला, पट्ट्यावर थांबला.

‘काच लाव ना भो,’ मागून चौरे. ‘थंडी वाजी ऱ्हायनी.’

एक मिनिट, म्हटलं.
अजून वरच आहे.